वेशीवर थांबलेली हलगी

लोकांना वाटतं, आमच्या खात्यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे वीतभर बाळाला सुई लावणं. ते काही खरं नाही. त्याला एकदा हात बसला की बसला. शेवटच्या वर्षांत मला चष्म्याशिवाय वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं, पण बाळाची शीर पहिल्या झटक्यात सापडायची आणि नव्या पोरी तोंडात बोट घालून बघत राहायच्या. अवघड काम वेगळंच आहे. ते म्हणजे बाळाला घरी पाठवणं.

मी नर्स होते. आधी काही वर्षं साताऱ्यात आणि मग निवृत्त होईपर्यंत सांगलीत, एका हॉस्पिटलच्या नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात. दिवस भरायच्या आत जन्मलेली, धड श्वास घेता न येणारी बाळं तिथं महिनोन् महिने असतात. त्या विभागाचं नाव मोठं होतं, पण आम्ही सगळे त्याला नुसतं 'आत' म्हणायचो. आत किती बाळं आहेत, आत आज जागा नाही, असं. बाहेर बाकावर बसलेल्या आज्यांच्या तोंडीही तोच शब्द बसायचा. "आमचं आत हाय," असं एकमेकींना सांगायच्या.

आत बाळाची काळजी मशीन घेतं आणि मशीनची आम्ही घेतो. ऊब काचेच्या पेटीतून, श्वास एका नळीतून, दूध दुसऱ्या नळीतून. जरा काही कमीजास्त झालं की मशीन टींटीं करतं आणि तीन माणसं धावतात. घरी कोण धावणार? घरी असते बावीस-तेवीस वर्षांची एक पोर, जिनं अजून स्वतःच्या बाळाला अंघोळसुद्धा घातलेली नसते. त्या पोरीच्या हातात ते बाळ द्यायचं आणि "जा बाई, सुखानं नांदा" म्हणायचं. मला विचाराल, तर माझ्या पोटात त्या दिवशी जेवढा गोळा यायचा तेवढा कुठल्याही सुईच्या वेळी आला नाही.

एका बाळाच्या वेळी तर तो गोळा चार दिवस हलला नाही. ते बाळ दीपालीचं. त्याला घरी सोडायचं की नाही, हे मला ठरवायचं होतं, आणि मी चुकले असते तर ते बाळ गेलं असतं. ती गोष्ट सांगायलाच मी बसले आहे. पण आधी आमच्या धंद्याची थोडी रीत सांगते.

वजन भरलं की बाळाला सोडतात, असा बाहेर समज आहे. वजन लागतंच. पण आमचे डॉक्टर, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो, ते सही करायच्या आधी पेन तसंच धरून माझ्याकडे बघायचे. माणूस मोजकं बोलणारा. "सिस्टर, तुम्हाला काय वाटतं?" एवढंच विचारायचे. म्हणजे बाळाचं मी बघितलंय, आईचं तुम्ही बघा.

आईचं काय बघायचं, याची माझी एक खूण होती. आतल्या आया स्वतःच्याच बाळाला हात लावायला आमची परवानगी मागतात. "सिस्टर, हात लावू का?" "सिस्टर, कूस बदलू का?" दोष त्यांचा नाही, आम्हीच त्यांना तसं लावलेलं असतं. पहिल्या दिवसापासून हात धुवा, बाजूला व्हा, आता नाही, नंतर या. त्यामुळं बाळ आपलं नाही, हॉस्पिटलचं आहे आणि आपण फक्त भेटायला येतो, असं त्यांच्या मनात घट्ट बसतं. ज्या दिवशी ती मला विचारायचं थांबते, त्या दिवशी आई तयार झाली असं मी धरायची.

बाप आणि आज्या तयार करणं हा आणखी वेगळा प्रकार. वाईच्या एका बापानं दर दोन तासांच्या दुधाचा तक्ता केला होता. त्यात बाळाच्या शीचा रंगसुद्धा रंगीत पेन्सिलीनं भरलेला. घरी जाताना त्यानं मला त्या तक्त्याखाली सही करायला लावली. फलटणच्या एक आजी होत्या. सोडायचा दिवस आला तशा त्या घाबरल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाई, ती काचंची पेटीच द्या की आमाला. महिनाभर वापरतो आन् धुऊन आणून देतो." हसू आलं, पण आजींचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला जड जातं. माझ्या ऐन उमेदीच्या काळात शिराळ्याकडचं एक बाळ आम्ही घरी सोडलं. वजन उत्तम, आई हुशार, सगळं शिकवलेलं. आठव्या दिवशी ते परत आलं ते निळं होऊन. घरात त्याला रोज दोन वेळा शेणीच्या निखाऱ्यावर ओवा टाकून धुरी देत होते. मायेनंच देत होते. पिढ्यान् पिढ्या बाळाला देतात तशी. त्या बाळाची कच्ची फुफ्फुसं तेवढा धूर सोसू शकली नाहीत, आणि आम्हालाही काही करता आलं नाही. मी त्यांना औषधं शिकवली होती, दूध शिकवलं होतं. घरात काय काय होतं, हे मी विचारलंच नव्हतं. ते बाळ माझ्या हिशोबात माझ्याच नावावर आहे, आणि राहील.

त्यानंतर मी नेम केला. फार नाजूक बाळ असेल, तर सोडायच्या आधी सुट्टीच्या दिवशी जाऊन त्याचं घर बघून यायचं आणि सोडताना पहिल्या रात्रीला सोबत जायचं. हॉस्पिटलचा असा काही नियम नव्हता. वॉर्डातल्या पोरी मला चिडवायच्या, की बाई स्थळ बघायला निघाल्या. होतंही तसंच. मुलीकडची माणसं जशी चहा पिता पिता भिंती बघतात, न्हाणीघर बघतात, शेजारी कोण राहतं ते विचारतात, तशीच मी बघायची. चूल कुठं आहे, धूर कुठं जातो, घरात बिडी कोण ओढतं, वीज किती वेळ जाते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरात शेवटचा शब्द कुणाचा चालतो.

तर दीपाली. आष्ट्याजवळच्या एका गावातली सून. नवरा फौजेत, तिकडं वर सरहद्दीला. सातवा लागताच ती बाळंत झाली आणि मुलगी जन्मली आठशे ग्रॅमची. नारळ हातात धरला तर तो जड लागेल. चार महिने ती आत होती. दोनदा ती आमच्या हातून निसटता निसटता राहिली. नाव ठेवलेलं नव्हतं, त्यामुळं कागदोपत्री ती 'बेबी ऑफ दीपाली', आणि आम्ही लाडानं तिला 'बेबीऑफ' म्हणायचो. चार महिन्यांनी ती दोन किलोच्या वर गेली, पेटीतून बाहेर आली, चमच्यानं थोडं दूधही घ्यायला लागली. पण ऑक्सिजन काही सुटेना. थोडाच लागायचा, पण लागायचा. तो काढला की ओठ काळसर पडायचे.

सर म्हणाले, हिला इथं ठेवण्यापेक्षा ऑक्सिजनसकट घरी पाठवलेलं बरं. इथं रोज नवं बाळ नवा आजार घेऊन येतं. घरी ऑक्सिजनचं मशीन लावायचं, नाकातली दुधाची नळी आई सांभाळेल, आणि फुफ्फुसं वाढली की ऑक्सिजन आपोआप सुटेल. फक्त तोवर तिला धूर लागता कामा नये आणि सर्दी होता कामा नये. एक साधी सर्दी झाली तरी ती परत श्वासाच्या मशीनवर जाईल, आणि या खेपेला परत येईलच असं नाही. एवढं सांगून त्यांनी पेन हातात धरलं आणि माझ्याकडे बघितलं.

मी पहिल्यांदा घर बघून आले. दीपालीचे सासरे, सगळा गाव त्यांना तात्या म्हणतो, मला आष्ट्याच्या स्टँडवर न्यायला आले होते. साठी ओलांडलेले, तालमीतलं शरीर, आवाज असा की मोटारसायकल चालू असताना मागं बसलेल्याला शब्द न् शब्द ऐकू यावा. बोलायला आले की समोरच्याला वाटावं हे भांडतायत. पण ऐकायचे मात्र शाळेतल्या पोरासारखे. मी म्हटलं, पाणी तापवायची चूल परड्यात आहे, तिचा धूर खिडकीतून खोलीत येतो. म्हणाले, "उद्या काढली." मी म्हटलं, गोठा खोलीच्या भिंतीला लागून आहे, संध्याकाळी डासांसाठी तिथं धूर करत असाल. म्हणाले, "तीन म्हशी हायत. हलीवतो." मी वीज जाते त्याचं विचारलं, तर इन्व्हर्टर आधीच आणून ठेवला होता. शिवाय मोठं सिलिंडर वेगळं. बिडी त्यांनी स्वतः त्या दिवशी माझ्यासमोर खिशातून काढून गटारात टाकली आणि विचारलं, "आवं सिस्टरबाई, आनि काय?"

मी म्हटलं, आणखी काही नाही. हे माझं वाक्य लक्षात ठेवा, कारण ते चुकीचं होतं.

घर तर पास झालं. आईची परीक्षा राहिली. आमच्याकडे वॉर्डाला लागून एक छोटी खोली होती. तिथं आई आणि बाळ दोघंच दोन दिवस राहायची. सगळं आईनं करायचं, आणि मी दाराबाहेर स्टुलावर बसायची. मदत करायची नाही. हे फार कठीण असतं. माझे हात इतके शिवशिवायचे की मी ते मांडीखाली दाबून बसायची.

पहिल्याच तासाला बाळाच्या पायाला लावलेली ऑक्सिजन मोजायची क्लिप निसटली आणि मशीन ओरडायला लागलं. दीपाली बाळाकडे न बघता "सिस्टर, सिस्टर" करत माझ्याकडे धावत आली. मी तिला खांद्याला धरून परत फिरवलं आणि म्हटलं, मशीनकडे नंतर बघ, आधी बाळाकडे बघ. ओठ कसे आहेत? गुलाबी आहेत. छाती हलतेय? हलतेय. मग मशीन खोटं बोलतंय, क्लिप लाव. दीपालीनं क्लिप लावली. दुसऱ्या दिवसापर्यंत ती सगळं बिनचूक करायला लागली. सिरिंजनं जरासं ओढून नाकातली नळी पोटातच आहे ना ते तपासायची, मग दूध सोडायची, मग खांद्यावर घ्यायची. पण प्रत्येक वेळी आधी दाराकडे बघून विचारायची, "सिस्टर, देऊ का?"

देऊ का. घेऊ का. बदलू का. दोन दिवस एकदाही विचारल्याशिवाय तिनं बोट हलवलं नाही.

सरांनी विचारलं तेव्हा मी खरं तेच सांगितलं. घर पहिल्या वर्गात पास आहे, आई काठावर आहे. हात शिकलेत, मन शिकलेलं नाही. सर म्हणाले, मग काय करायचं? आणखी आठ दिवस ठेवलं असतं, तर वॉर्डात त्याच आठवड्यात खोकल्याची दोन बाळं दाखल झालेली होती. मी म्हटलं, सोडा. आणि त्या क्षणापासून ते शिराळ्याचं बाळ माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

सोडायच्या दिवशी सकाळी नऊला आम्ही निघालो. गाडी भाड्याची, चालवणारा त्यांच्या गावचाच. मागच्या सीटवर दीपाली, तिच्या मांडीवर बेबीऑफ, शेजारी मी आणि माझ्या दोन पायांच्या मध्ये ऑक्सिजनचं छोटं सिलिंडर. तात्या आदल्या संध्याकाळीच पुढं गेले होते. घर लावून घेतो म्हणाले. तेव्हाच मला संशय यायला हवा होता, कारण घर तर केव्हाच लागलेलं होतं.

कृष्णेचा पूल ओलांडला. दोन्हीकडं ऊस. बाळाच्या पायाला लावलेल्या छोट्या यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा दिसत होता, ब्याण्णव, चौऱ्याण्णव, त्र्याण्णव. मी त्या आकड्यावरून नजर काढत नव्हते. रस्त्यात दीपालीनं मला तीनदा विचारलं, टोपी काढू का, खिडकी थोडी उघडू का, हिला जरा उभी धरू का. प्रत्येक वेळी मी हो किंवा नाही म्हणत होते आणि मनात म्हणत होते, बाई गं, उद्या तू कुणाला विचारणार आहेस?

गावाची कमान दिसली आणि गाडी हळू झाली. आधी मला वाटलं, कुणाची तरी वरात आडवी आली. मग कमानीला बांधलेला फ्लेक्स दिसला. दाराएवढा. त्यावर बेबीऑफचा फोटो, नाकात नळ्या असलेला, कुणीतरी मोबाईलवर काढलेला. वर 'लक्ष्मी आली घरा' आणि खाली काळे चष्मे लावलेल्या पंधरा-वीस शुभेच्छुकांचे चेहरे. फ्लेक्सखाली अख्खं गाव. चार हलगीवाले कडाडून वाजवत होते. बायका कळशा घेऊन रांगेत, शाळेतल्या मुली फुलांच्या पाकळ्यांच्या परड्या घेऊन. सजवलेला ट्रॅक्टर. आणि सगळ्यांच्या पुढं गुलाबी फेटा बांधून तात्या.

खरं सांगते, आधी मला त्यांचं कौतुकच वाटलं. मुलगी जन्मली, तीही एवढीशी, तेव्हा त्याच गावातल्या काही जणांनी तात्यांना जे काय सुचवलं होतं ते त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. 'कशाला एवढी उस्तवार, देवाची मर्जी म्हणा आन् गप बसा.' त्यांना आज सगळ्यांच्या तोंडावर उत्तर द्यायचं होतं. पोरीला वाजतगाजत न्यायचं होतं. आणि मला ते इतकं कळत होतं की खाली पडलेली गोष्ट माझ्या नजरेला उशिरा पडली.

रस्त्यावर फटाक्यांची माळ अंथरलेली होती. वेशीपासून पार चौकापर्यंत, लाल, लांबलचक. आणि तिच्या टोकाला एक जवान पोरगा पेटती उदबत्ती घेऊन वाकलेला.

पाच मिनिटांत त्या अरुंद रस्त्यावर धुराचा लोट उठला असता आणि आम्ही त्याच्या मधोमध. त्यात दोनशे माणसं काचेला नाक लावून बाळ बघायला येणार, म्हाताऱ्या बायका दार उघडून गालाला हात लावणार, त्यातली निम्मी सर्दी-खोकल्याची. चार महिने आम्ही ज्या ज्या गोष्टीपासून तिला जपलं, ती प्रत्येक गोष्ट नटूनथटून आमच्यासमोर उभी होती. आणि त्यांच्यापैकी एकाच्याही मनात काही वाईट नव्हतं. मी त्यांना संकटात काय करायचं ते सगळं शिकवलं होतं. आनंदात काय करायचं नाही, ते सांगायचं राहिलं होतं.

मी दाराच्या कडीला हात घातला, तेवढ्यात दीपाली म्हणाली, "सिस्टर, धरा हिला."

विचारलं नाही. सांगितलं. बाळ माझ्या मांडीवर ठेवलं, नळी दुमडली नाही ना ते बोट फिरवून बघितलं, डोक्यावर पदर घेतला, आणि पलीकडच्या दारानं उतरून दार घट्ट लावून घेतलं.

ती चालत माळेच्या टोकाशी गेली आणि त्या टोकावर पाय देऊन उभी राहिली. उदबत्तीवाला पोरगा दोन पावलं मागं सरला. आधी एक हलगी थांबली, मग दुसरी, मग सगळ्याच थांबल्या. काच बंद होती, पण इतकी शांतता झाली की मला आतून सगळं ऐकू आलं. चालक मला म्हणाला, वहिनी मामंजींच्या समोर कधी बसलेल्यासुद्धा बघितल्या नाहीत हो. त्यांच्याकडे सुनेनं सासऱ्याला चारचौघांत अडवायचं म्हणजे काय, हे त्या भागातल्या माणसाला सांगायला नको.

"मामा," ती म्हणाली, "तिला आजून हवा उसनी लागती. धूर झाला तर ती परत काचंत जाईल. माळ लावू नका. आन् कुणीबी गाडीपाशी येऊ नका."

सुरुवातीला तिचा आवाज कापत होता. शेवटच्या वाक्याला कापला नाही.

तात्यांचा चेहरा मला बाजूनं दिसत होता. फेट्याखाली कानशिलं लाल झालेली. अख्खा गाव आता त्यांच्याकडे बघत होता. मला वाटलं, हा माणूस आता कडाडणार, आणि मग मी उतरायचं की बाळाला धरून बसायचं, हेही मला सुचेना. तात्यांनी एकदा सुनेकडं बघितलं, एकदा गाडीकडं. मग ते वाकले, आणि माळ स्वतःच्या हातानं उचलून दोरासारखी कोपरावर गुंडाळायला लागले. भराभर, शेवटापर्यंत गुंडाळली. आणि मग वळून, त्या तालमीतल्या आवाजात गावाला म्हणाले, "ऐकलं न्हवं? वीस पावलं मागं सरा सगळी. हलगी खाली. आन् आता कुणी शिंकायचं न्हाई."

लग्नाच्या, देवाच्या, निवडणुकीच्या, सगळ्या मिरवणुका मी बघितल्या आहेत. तशी मिरवणूक मात्र पुन्हा बघितली नाही. रस्त्याच्या दोन्ही कडांना घराच्या भिंतींना टेकून माणसं उभी, आणि मधून आमची गाडी पावलाच्या वेगानं. पुढं दीपाली चालतेय, तिच्या शेजारी कोपरावर माळ घेतलेले तात्या. हलगीवाल्यांनी चुकून आवाज होऊ नये म्हणून हलगीवर पंजे दाबून धरलेले. शाळेतल्या मुलींनी पाकळ्या गाडीवर न टाकता गाडी जायच्या आधीच रस्त्यावर पसरून ठेवल्या. एका म्हातारीनं लांबूनच कानशिलावर बोटं मोडली. पदर तोंडावर, रुमाल तोंडावर, आणि शंभर-दोनशे डोळे ओले. एक माणूस खोकला नाही. मीच काय ती गाडीत बसून हुंदके देत होते, आणि माझ्या मांडीवर बेबीऑफ गाढ झोपलेली होती. आकडा पंच्याण्णव.

दारात दीपालीच्या सासूबाईंनी, सुनेचं बोलणं तोवर कानावर गेल्यामुळं, निरांजन न पेटवता लांबूनच भाकरतुकडा ओवाळून टाकला. आत गेल्या गेल्या दीपालीनं मोठं मशीन चालू केलं, सिलिंडरवरची नळी काढून मशीनला लावली, आधी बाळाचे ओठ बघितले, मग मशीनचा काटा. दाराकडं बघितलं नाही. मी दारातच उभी होते.

तात्या ओट्यावर बसले होते, माळ अजून मांडीवर. मला बघून जरा रागानंच म्हणाले, "तुमी चुलीचं सांगितलं, बिडीचं सांगितलं, म्हशीचं सांगितलं. फटाक्याचं कुटं सांगितलं वं?" मी हात जोडून म्हटलं, चुकलं तात्या. पुढं नोकरीत होते तोवर घर बघायला गेले की मी न चुकता विचारायची, की बाळ येईल त्या दिवशी तुम्ही काय काय करणार आहात? लोक लाजून हसायचे, आणि मग एकेक बेत बाहेर यायचा. एकानं तर डीजे ठरवला होता.

माझी पिशवी सोबत होती. त्यात पातळ, टूथब्रश आणि अमृतांजनाची बाटली. नेमाप्रमाणं त्या रात्री मी तिथं राहणार होते. दुधाची वेळ झाली. दीपालीनं नळी तपासली, दूध सोडलं, बाळाला खांद्यावर घेतलं. मी दोनदा पुढं झाले आणि दोन्ही वेळा ते काम तिनं आधीच केलेलं होतं. तिसऱ्यांदा मी पांघरूण सारखं करायला वाकले, तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, "सिस्टर, तुमी जावा आता. दुपारची एस्टी मिळंल. मी हाय."

ती बाळाच्या पाठीवर हात फिरवत होती. मग मी पिशवी उचलली. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी कामावरून काढलं नव्हतं, ते त्या पोरीनं काढलं, आणि मला एस्टीत सांगलीपर्यंत हसू आवरेना. कंडक्टरनं दोनदा विचारलं, बाई, बरं आहे ना?

वाचकांनी विचारायच्या आधीच सांगते, अडीच महिन्यांनी तिचा ऑक्सिजन सुटला. आता ती अंगणवाडीत जाते आणि तात्यांचा घोडा करून त्यांना परड्यात फिरवते. पण मला आठवतो तो घरी सोडल्यानंतरचा चौथा दिवस. तीन दिवस फोन आला नव्हता. पोटातला गोळा तसाच होता. शेवटी न राहवून मीच फोन लावला. बराच वेळ वाजला. मग दीपालीनं उचलला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "सिस्टर, मागनं बोलते. ती दूध पितीया." आणि ठेवून दिला.

मी स्वयंपाकघरात जाऊन कढईत तूप घातलं आणि रवा भाजायला घेतला. वास आला तसे मिस्टर डोकावले आणि शिरा कशाबद्दल म्हणून विचारायला लागले. मी म्हटलं, "एका आईनं माझा फोन कापला."